आभाराचं गाणं

ढोल अजून खालच्या वाडीत वाजत होता आणि दत्ताराम भावजी, माझे थोरले दीर, आमच्या दारापुढच्या खळ्यात उभे राहून मला सांगत होते, की पालखी येईल तेव्हा पोरांना मागच्या खोलीत बसव.

मी रांगोळी घालत होते. हात न थांबवता विचारलं, "का? पोरांना काय गोवर आलाय?"

"सनासुदीला उलट बोलू नको, कुंदा. पालखी तुज्या दारात येतेय, त्याला कोनाची हरकत नाय. गाराणा तुमच्या दोघांच्या नावानं पडंल. पोरां म्होरं दिसली तर गुरव इचारनार, ही कोन? मग चार लोकांत नको तो इषय."

"विचारू दे की. मी सांगेन."

"तू काय सांगशील ता मला म्हायती हाय," असं म्हणत त्यांनी फेटा सारखा केला आणि ढोलाच्या दिशेने चालू लागले. पायरीवर थांबून मागे वळले आणि म्हणाले, की बालकल्याण समितीची बाई चौकशीला येणार असं कानावर आलंय. तिने भावकीला विचारलं, तर भावकीच्या मनात आहे तेच आम्ही सांगणार.

हे शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम राखून ठेवलं होतं. माझ्या चिमटीतली रांगोळी तिथेच सांडली.

सोळा वर्षं झाली त्या शिमग्याला. तेव्हा गावात माझी पिठाची गिरण होती, अजूनही आहे. गिरणीच्या घरघरीवर ओरडून बोलायची अशी सवय लागलीय की मी कुणाची खुशाली विचारली तरी लांबच्या माणसाला वाटतं, भांडण चाललंय. खरं सांगायचं तर पुष्कळदा चाललेलंच असतं. माझा नवरा विश्राम एसटीच्या वर्कशॉपात कामाला. तो बोलण्याच्या बाबतीत इतका काटकसरी, की आमच्या दोघांचं बोलणं एकत्र करून वाटून दिलं असतं तर दोन शहाणी माणसं तयार झाली असती.

आम्हाला मूल झालं नाही. डॉक्टर झाले, देवऋषी झाले, शेजारणींचे सल्ले झाले. मग भावजींनी सुचवलं, की त्यांचा धाकटा ओंकार आम्ही दत्तक घ्यावा. म्हणजे पोरगा राहणार आई-बापाकडेच, जेवणार तिथेच, फक्त नावाला आमचा होणार आणि आमच्यामागे घर, गिरण त्याची. मी म्हटलं, ज्याला आई-बाप आहेत त्याला आणखी एक जोडी कशाला? ज्याला नाहीत त्याला घेऊ. भावजी ते कधी विसरले नाहीत. वरवर बोलणं होतं, पण माझ्या हातचा चहा त्यांना तेव्हापासून कडू लागायला लागला.

आम्ही नाव नोंदवलं ते एका मुलीसाठी. बोलावणं आलं तेव्हा जाताना बिस्किटांचे पुडे घेतले. बालगृहाच्या आवारात शिरलो तर सगळी पोरं भिंतीला पाठ लावून रांगेत उभी. कुणीतरी खूण केली आणि त्यांनी गाणं सुरू केलं:

"पाहुणे आले आमुच्या दारी, आनंद झाला भारी,
दिले तुम्ही ते गोड मानतो, आम्ही लेकरे सारी."

शेवटी हात जोडून तीनदा धन्यवाद. बिस्किटांचे पुडे अजून माझ्या पिशवीतच होते.

रांगेच्या टोकाला नऊ वर्षांची एक सावळी, किडकिडीत मुलगी होती. तिने एका पाच वर्षांच्या पोराचा हात घट्ट धरला होता. गाताना ती आमच्याकडे बघतच नव्हती. पोरगा ओठ नीट हलवतोय की नाही, एवढंच तिचं लक्ष. तिथल्या मॅडमनी सांगितलं, ही रेणुका आणि हा तिचा भाऊ मल्लिकार्जुन, सोलापूरकडची. आई वारली, बापाचा पत्ता नाही. मध्यंतरी एका घरी सांभाळायला दिली होती, तिथून परत आली. मी विचारलं, का परत आली? मॅडम म्हणाल्या, त्या लोकांना जमलं नाही.

तो शब्द मला चावला. शिवायला टाकलेला ब्लाऊज जमत नाही, गिरणीचा नवा पट्टा जमत नाही. पोरं जमत नाहीत म्हणजे काय? मी विश्रामकडे बघितलं. एकच मुलगी घ्यायची असं ठरवून आम्ही घरून निघालो होतो. तो म्हणाला, "दोघं." त्या दिवसाचं त्याचं बोलणं तेवढ्यात आटोपलं.

तर पोरं घरी आली. पण कोर्टाचा हुकूम यायला अवकाश होता. तोवर ती आमच्याकडे सांभाळायला म्हणून होती, आणि घर बरं आहे का, आजूबाजूची माणसं कशी आहेत, हे बघायला समितीची बाई मधूनमधून येणार होती. पोरं घरात राहत होती, पण त्यांचं घर अजून कच्चं होतं. कुणी जाऊन वेडंवाकडं सांगितलं असतं तर बालगृहाची गाडी पुन्हा दारात उभी राहायला वेळ लागला नसता. भावजींना हे पक्कं ठाऊक होतं.

मल्लू चार दिवसांत गावचा झाला. शिमगा जवळ आला तसा वाडीतली पोरं पाटाला काठ्या बांधून खेळातली पालखी नाचवायची, त्यात हा सगळ्यांत पुढे. एक पोरगं गुरव व्हायचं आणि गाऱ्हाणं घालायचं, बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. मल्लूला त्यातलं "व्हय म्हाराजा" इतकं आवडलं, की मी भात वाढू का विचारलं तरी उत्तर तेच.

रेणूचं मात्र वेगळं होतं. ती घरात पाय न वाजवता चालायची. जेवण झालं की हात जोडून धन्यवाद. वेणी घातली, धन्यवाद. पाण्याचा पेला दिला, धन्यवाद. एकदा माठातलं पाणी सांडलं म्हणून मी तिच्यावर ओरडले, तर त्यालाही धन्यवाद. मी तिला समजावलं, की बाई गं, घरात असं सारखं म्हणायचं नसतं. ती म्हणाली, "हो मावशी. धन्यवाद." आता यावर माणसाने काय बोलायचं?

आणि कुणी दारात आलं की गाणं. शेजारच्या पारूकाकू दळण घेऊन आल्या, तर हिने खेळणाऱ्या मल्लूला ओढत आणलं, दोघं भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि सगळं गाणं म्हणून दाखवलं. काकूंनी पदराने डोळे पुसले, पोरीला वळण किती चांगलं आहे म्हणाल्या. पोस्टमन आला, त्यालाही गाणं. गॅसची टाकी घेऊन आलेला माणूस तर बावचळून टाकी खांद्यावर तशीच घेऊन उभा राहिला. मी सुरुवातीला हसले, मग रागावले, मग गप्प बसले. वाटलं, सवय आहे, जाईल हळूहळू. ती सवय नव्हती हे मला कळायचं होतं.

इकडे भावकीत वेगळाच खल चालला होता. आमच्याकडे घरात मूल आलं की भावकीला सोयर लागतं, आणि सोयर असलं की पालखीला हात लावता येत नाही. पोरं आली होती शिमग्याच्या तोंडावर. आता ह्या पोरांचं सोयर धरायचं की नाही? धरलं तर आम्हा रेवाळ्यांचा पालखीचा पहिला खांदा गेला. म्हणजे दत्ताराम भावजींचा मान गेला. वर्षभर गावात त्यांना फारसं कोण विचारत नसे, पण शिमग्यात त्यांच्या शब्दाशिवाय ढोलावर काठी पडत नसे. भावकी बसली आणि चहा संपायच्या आत ठरलं, की पोरं रक्ताची नव्हेत, तेव्हा सोयर नाही. मी त्या वेळी काही बोलले नाही. बोलले नाही याचंच विश्रामला जास्त भय वाटलं.

दुपारी ऊन कलायच्या आधी पालखी आमच्या घाटीने वर चढली. पुढे ढोल, मागे निशाणं, मध्ये गावदेव भैरीची रूपं, म्हणजे रुपेरी मुखवटे, फुलांत बुडालेले. विश्राम मागच्या दांडीला होता, अनवाणी, घामाने निथळत. पुढच्या दांडीला भावजी. खळ्यात मी पाट मांडून ठेवला होता. पालखी नाचली, ढोल टिपेला गेला आणि देव पाटावर बसला. अख्खी वाडी खळ्यात मावेना.

पोरांना मी मागच्या खोलीत बसवलं नव्हतं. रेणूला पिवळा फ्रॉक, मल्लूला नवा सदरा, आणि दोघांना पुढच्या पडवीत अगदी मध्यभागी उभं केलं होतं. भावजींनी बघितलं आणि तोंड फिरवलं.

आमच्या गावची रीत अशी: देव बसला की भागोजी गुरव गाऱ्हाणं घालतो. घरातल्या माणसांची नावं देवाच्या कानावर घालतो, त्यांची राखण कर म्हणून सांगतो. मग घरच्या बाईने ओटी भरायची आणि मग पालखी उठायची. ओटी पडल्याशिवाय देव पाटावरून हलत नाही. हलवला तर गावाला वर्षभर बरं नाही, असं सगळे मानतात. मीही मानते.

भागोजीने नारळ हातात घेतला, डोळे मिटले.

"बा भैरी म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळ्यांनी म्हटलं.

"आज तुजा विश्राम आनि त्याची अस्तुरी तुज्या पायाशी उबी हायत."

"व्हय म्हाराजा."

"त्येंच्या घरादाराची राखन कर. त्येंच्या गिरनीवर नजर ठेव. गोठ्यात म्हस हाय, तिला दूध दे."

"व्हय म्हाराजा."

गिरणीचं नाव आलं. म्हशीचं आलं. मी वाट बघत राहिले. भागोजीने नारळ कपाळाला लावला आणि खाली ठेवला. गाऱ्हाणं संपलं होतं.

मी तोंड उघडणार एवढ्यात पडवीची पायरी उतरून रेणू खाली आली. मल्लूचा हात तिच्या हातात. इतकी माणसं एकाच वेळी घरी आलेली तिने कधी बघितली नसावीत. ती भिंतीशी गेली, पाठ टेकली, मल्लूला शेजारी सरळ उभं केलं आणि गाऊ लागली.

ढोलवाल्याचा हात थांबला. पोरीचा आवाज बारीक, पण शब्द न शब्द ऐकू येत होता. दिले तुम्ही ते गोड मानतो, आम्ही लेकरे सारी. मग हात जोडून देवाच्या पालखीला, गुरवाला, फेटेवाल्यांना, सगळ्यांना तीनदा धन्यवाद. मागून कुणीतरी म्हणालं, "बिचारी पोरां." एक-दोन बायका नाक ओढायला लागल्या.

स्वतःच्या घराच्या खळ्यात माझी पोरगी बिचारी झाली होती. मी जाऊन तिच्यापुढे बसले. हळू म्हटलं, "रेणू, पुरे. हे पाहुणे नाहीत गं. आपल्या गावातली माणसं आहेत. यांच्यासाठी नाही म्हणायचं."

तिने मान हलवली. मग माझ्या कानाजवळ येऊन पुटपुटली, "त्या घरी पाहुणे आले होते तेव्हा मी म्हटलं नव्हतं. मल्लू झोपला होता म्हणून. मग आम्हाला परत आणून सोडलं."

मोठ्या माणसांनी जमलं नाही म्हणून हात झटकले होते. आणि ह्या पोरीने त्यामागचं कारण एकटीने शोधून काढलं होतं: आपण गाणं म्हटलं नाही. म्हणून इथे ती चुकू देत नव्हती. पोस्टमनलाही नाही, गॅसवाल्यालाही नाही. माझ्या घरातला घासन् घास ती आल्या दिवसापासून फेडत आली होती, आणि मी त्याला सवय म्हणत होते.

अशा वेळी बाईला रडू यावं. मला राग आला. त्या न बघितलेल्या घराचा आला, भावजींचा आला, मघाच्या त्या "बिचारी" म्हणणाऱ्याचा आला.

"कुंदा, ओटी आन," भावजी म्हणाले. "म्होरली घरां खोळंबलीत."

मी आत गेले. ओटीचं ताट घेतलं, तांदूळ, नारळ, खण, सगळं होतं. बाहेर आले. पालखीकडे गेले नाही. भिंतीशी गेले, रेणूच्या शेजारी पाठ टेकली आणि रांगेत उभी राहिले.

"ह्या काय?" भावजी म्हणाले.

"घरातली माणसं उभी आहेत," मी म्हटलं. माझा आवाज तुम्हाला सांगितलाच आहे. तो पार घाटीखाली गेला असणार. "देवाला तुम्ही चुकीचं सांगितलंत, भावजी. आधी नीट सांगा, मग ओटी."

"देवाला काय सांगायचा ता आता तू शिकवनार?"

"तुम्ही गिरण सांगितलीत. म्हैस सांगितलीत. म्हैस मी गेल्या साली बाजारातून आणली, ती कुठे रेवाळ्यांच्या रक्ताची आहे?"

मागच्या बाजूला हशा पिकला. भावजींनी तिकडे बघितलं तसा तो दबला. ते माझ्याजवळ आले. आता त्यांचा आवाज खाली आला होता, आणि खरं सांगते, त्यात नुसता राग नव्हता, थोडी भीतीही होती.

"कुंदा, आयक. ह्या पोरांचा अजून काय नक्की नाय. उद्या कोर्टानं नाय म्हटला तर जातील. देवाच्या कानावर एकदा नाव घातला की ता पुसता येत नाय. तुला म्हायती नाय ता."

"माहीत आहे," मी म्हटलं. "पुसता येत नाही म्हणूनच घालायचंय."

भावजी पालखीकडे वळले. "इश्राम, तुज्या बायकोला सांग काय ता."

विश्राम मागच्या दांडीशी उभा होता. लग्न झाल्यापासून त्याने थोरल्या भावाचा शब्द खाली पडू दिला नव्हता. माझ्यावरून तर अनेकदा भावाचीच बाजू घेतली होती, गप्प राहून. आता तो काय करील हे मला सांगता आलं नसतं. माझ्या हातातलं ताट जड व्हायला लागलं होतं.

त्याने दांडीवरचा हात काढला. खांद्यावरच्या पंच्याने तोंड पुसलं. मग खळं ओलांडून आला आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला, मल्लूच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"दादा," तो म्हणाला, "माज्या घरात चार मानसा हायत. गाराणा चौघांचा पडंल. नायतर खांद्याला दुसरा कोन बगा."

एवढं लांब भाषण त्याने आयुष्यात केलं नव्हतं. भावजी त्याच्याकडे असे बघत राहिले, जशी काही दांडीच बोलली.

आम्ही चौघं भिंतीशी, समोर देव, मध्ये तळपतं ऊन. कुणी हलेना. रेणू माझ्याकडे बघत होती, विश्रामकडे बघत होती. मोठी माणसं रांगेत का उभी राहिली हे तिला कळत नव्हतं. मग माझा पदर तिने मुठीत धरला. ती आपणहून मला कधी शिवली नव्हती.

शेवटी पारूकाकू बोलल्या, बायकांच्या गर्दीतून. "भागोजी, देवाला उन्हात किती येळ ठेवताव? नावां घ्यायला जीभ झिजते काय तुजी?"

भागोजी गुरवाला भावजींचीही पर्वा नव्हती आणि माझीही. त्याला संध्याकाळच्या आत वरची वाडी गाठायची होती. त्याने नारळ पुन्हा उचलला. "नावां सांगा पोरांची. पुरी."

"माझं नाव रेणुका," ती म्हणाली, बालगृहात सांगत असणार तशी, हात सरळ, मान ताठ. आणि थांबली. पुढे तिच्याकडे काही नव्हतं.

"रेणुका विश्राम रेवाळे," विश्राम म्हणाला. "आनि हा मल्लिकार्जुन."

"मल्ली काय?"

"मल्लिकार्जुन."

"एवडा लांब नाव ह्या गावात देवाचा पन नाय," भागोजी पुटपुटला. पण त्याने डोळे मिटले, आणि नाव एकदा अडखळून, दुसऱ्यांदा नीट घेतलं.

"बा भैरी म्हाराजा. विश्रामची लेक रेणुका, विश्रामचा ल्योक मल्लिकार्जुन, आजपासना तुजी लेकरां. त्येंच्या वाटंत काटा पडू देव नको. त्येंना कोन ह्या घरातसून हलवू बगंल, त्येला तू बग."

आता सगळ्यांनी व्हय म्हाराजा म्हणायचं. पण पहिला शब्द मानकऱ्याचा, म्हणजे भावजींचा असतो, बाकीचे त्याच्यामागून. मानकरी समोर बघत उभे होते, ओठ मिटून. लोक त्यांच्याकडे बघत होते. गाऱ्हाणं मध्येच लटकलं. कबुली न मिळालेलं गाऱ्हाणं देवापर्यंत जात नाही असंही गावात मानतात.

"व्हय म्हाराजा!"

मल्लू होता. खेळात ओरडायचा तसा, बेंबीच्या देठापासून, दोन्ही हात वर करून. त्याला वाटलं असेल, सगळे विसरले.

आणि मग काय, जिभांना सवयच ती. सगळं खळं एका आवाजात बोलून गेलं, "व्हय म्हाराजा." ढोलवाल्याने तर आपणहून काठी मारली. भावजींचे ओठ हलले नाहीत, पण आता त्यांच्या हलण्या-न हलण्याने काही अडणार नव्हतं.

रेणूने पदर सोडला. दोन्ही हात जोडून वर उचलले आणि तोंड उघडलं. मी ताट एका हातावर पेलून दुसऱ्या हाताने तिचे हात खाली घेतले.

"आभार नाही मानायचे."

"मग काय म्हणायचं?"

"काही नाही. आपल्याच घराचं गाऱ्हाणं आहे. ये, ओटी भर माझ्याबरोबर."

तिने तांदूळ ओंजळीत घेतले. थोडे सांडले. सांडलेल्यांकडे घाबरून बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही म्हणाली नाही. देव उठला. पुढच्या दांडीला भावजींनी खांदा दिला, कारण तो त्यांचा मान होता. मागच्या दांडीला विश्राम गेला. मल्लू सगळ्यांच्या पायांत नाचत घाटीपर्यंत गेला.

शिमगा संपला आणि समितीची बाई आली. आमच्याकडे बसली, पोरांशी बोलली, मग म्हणाली, घरातल्या थोरल्यांना भेटते. मी तिला भावजींच्या घरापर्यंत पोचवलं आणि बाहेर पायरीवर बसून राहिले. आत काय होणार ते मला माहीत होतं, असं मला वाटत होतं. त्यांनी शब्द दिला होता, भावकीच्या मनात आहे तेच सांगणार. बाईने विचारलं, ह्या दत्तकाबद्दल कुटुंबाचं काय म्हणणं आहे?

भावजींचा कुरकुरता आवाज आला. "आता काय म्हनना असनार? पोरां गाराण्यात पडली. देवाच्या कानावर गेलेला नाव आमी काय पुसनार? लिवा, हरकत नाय म्हनून."

बाईला त्यातलं किती कळलं कोण जाणे. मी पायरीवरून उठले आणि ती बाहेर यायच्या आत गिरणीत जाऊन बसले. पट्टा चालू केला, दळायला काहीही नव्हतं तरी. त्या आवाजात माझं रडणं कुणाला ऐकू गेलं नाही. पावसाळ्याआधी हुकूम आला. भावजी त्यानंतरही माझ्याशी कितीतरी वर्षं तुटक बोलत. मीही त्यांना काही गोड बोलले नाही.

रेणूचं धन्यवाद एका दिवसात गेलं नाही. जात जात गेलं. गाणं आधी गेलं, हात जोडणं मग गेलं. एकदा मी पानात भाजी वाढली, तिने घास खाल्ला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." आणि दचकून माझ्याकडे बघितलं. मी मिठाची बरणी तिच्यापुढे सरकवली. विश्राम मान खाली घालून जेवत होता. त्याला ठसका लागला.

आता ती चिपळूणला दवाखान्यात एक्स-रे काढते. परवा शिमग्याला आली. बॅग पडवीत फेकली, पायांतल्या चपला एक इकडे, एक तिकडे. आईचं घर असल्यासारखी पंखा फुल करून झोपली. उठल्यावर पुरणपोळ्या खाल्ल्या, म्हणाली पुरण सैल झालंय, तुझं लक्ष नसतं हल्ली. माझी निळी ओढणी तू कुठे टाकलीस, म्हणून माझ्याशी भांडली. ढोल ऐकू आला तशी ताट तसंच टाकून मल्लूच्या मागे घाटीकडे पळाली.

ना आभार, ना काही. मी तिचं उष्टं ताट उचललं आणि पालखीसाठी पाट मांडायला खळ्यात गेले.